एएसएमएक्समध्ये ‘न्यू’ दिसलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी

महापेकर: काल इथे एकाने लिहिलं, "वेब सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये न्यू लिहिणाऱ्याला डीआय कळलेलंच नाही." (डीआय म्हणजे डिपेंडन्सी इंजेक्शन: क्लासला लागणाऱ्या वस्तू त्याने ‘न्यू’ने स्वतः न बनवता बाहेरून कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमधून, घ्यायच्या.) डोकंच फिरलं. अहो, एएसएमएक्सचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट फ्रेमवर्कमधल्या जुन्या वेब सर्व्हिसचा, ऑब्जेक्ट आपण बनवतो का? रिक्वेस्ट आली की एएसपी डॉट नेट स्वतःच बनवतं, आणि त्याला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर लागतो. तो काढून पॅरामीटरमध्ये इंटरफेस मागा. बिल्ड निमूट पास होतं आणि पहिल्याच कॉलला एक्सेप्शन. तुमच्या लाडक्या कंटेनरला, म्हणजे या वस्तू बनवून पुरवणाऱ्या लायब्ररीला, कुणी विचारलेलंही नसतं.

ऐरोली_नाका: लिहिणारा मीच. दोन कन्स्ट्रक्टर ठेवायला हात दुखतात का? बिनपॅरामीटरचा कंटेनरकडून वस्तू घेऊन दुसऱ्याला देईल, टेस्टमध्ये दुसरा वापरा.

महापेकर: म्हणजे न्यूच्या जागी रिझॉल्व्ह, क्लासनेच कंटेनरकडे मागायचं. याला सर्व्हिस लोकेटर म्हणतात, साहेब. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरच्या २००४ च्या लेखात हा आणि डीआय वेगळे सांगितलेत.

कळव्याची_ताई: एएसपी डॉट नेट कोअरवर, म्हणजे नव्या फ्रेमवर्कवर, या की! २०१६ पासून कंटेनर आतच आहे, कन्स्ट्रक्टरमध्ये मागा, मिळतं.

महापेकर: या म्हणे. अकरा वर्षं चाललेली सोप, म्हणजे एक्सएमएल निरोपांची, सर्व्हिस; पलीकडे क्लायंटकडे तिचं वर्णन असलेली डब्ल्यूएसडीएल फाइल. पैसे ताई देणार?

पाचपाखाडी: डीआय म्हटलं की मला इंटरव्ह्यू आठवतो. ठाण्याला दहा नंबरवर चेंगरून रबाळ्याला पोचलो, शर्ट पिळून काढावा असा. विचारलं काय, तर ट्रान्झियंट, स्कोप्ड, सिंगलटन; म्हणजे कंटेनरने वस्तू दर वेळी नवी द्यायची, दर रिक्वेस्टला एक, की सगळ्यांना मिळून एकच. घडाघडा सांगितलं, लागलो. पहिल्याच आठवड्यात बघतो तर त्यांच्याच सिंगलटन कॅशच्या कन्स्ट्रक्टरमध्ये स्कोप्ड डीबीकॉन्टेक्स्ट, डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट! एका रिक्वेस्टपुरता असायचा तो सगळ्यांत वाटला गेलेला. डेव्हलपमेंटमध्ये फ्रेमवर्क हे पकडतं, पण यांच्या लॅपटॉपवरही एन्व्हायर्नमेंटचं सेटिंग ‘प्रॉडक्शन’च. लोड वाढला की "सेकंड ऑपरेशन स्टार्टेड" असा एरर. रात्री दीडला घरच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून मी कॅशच्या रजिस्ट्रेशनमधला ‘सिंगलटन’ हा एक शब्द बदलला.

ऐरोली_नाका: हा डीआयचा दोष? न वाचता रजिस्टर केल्याचा आहे.

पाचपाखाडी: मग इंटरव्ह्यू घेणाऱ्याला कुणी नापास करायचं?

कळव्याची_ताई: माझा घेणारा सॉलिडची, म्हणजे क्लास रचायच्या पाच तत्त्वांची, पाचही अक्षरं विचारून मोकळा झाला. त्याच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चौदा पॅरामीटरचा, स्क्रीनबाहेर जायचा.

ठाणे_स्लो: मला तर व्हाइटबोर्डवर लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावली आणि दोन वर्षं एक्सेल एक्स्पोर्ट दिलं.

महापेकर: धागा माझा आहे, लोकहो. असो. आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. एएसएमएक्सचा क्लास नुसता दरवाजा ठेवला, कॉल आला की आत ढकलायचा. खरं काम आतल्या क्लासमध्ये, त्याला कन्स्ट्रक्टर इंजेक्शन, टेस्टही त्याच्याच. दरवाजात मात्र एक ओळ रिझॉल्व्हची आहे.

ऐरोली_नाका: म्हणजे मी सांगितलं तेच, फक्त भांडून!

महापेकर: तेच नाही. तुमच्या तऱ्हेत सगळं लॉजिक त्या एएसएमएक्सच्या क्लासमध्येच राहतं.

ऐरोली_नाका: बरं बाबा, एएसएमएक्सपुरतं वाक्य मागे. वेब एपीआयमध्ये न्यू दिसला तर मात्र रिव्ह्यूत सोडणार नाही.

ठाणे_स्लो: पाचपाखाडी, रबाळ्याला अजून भरती आहे का?