फोंड्यातली मैफल आणि आपली मुलांची खोली

नमस्कार मंडळी,

गणपतीसाठी माहेरी फोंड्याला आले आहे, पुढच्या आठवड्यात परतेन. आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या मेल वाचते आहे. त्यात ‘मुलांसाठी शेजारची खोली, सिनेमा व पिझ्झा’ अशी ओळ दिसली. यंदा ती खोली ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

रविवारी इथे राजीव गांधी कलामंदिरात जुन्या नाट्यपदांचा आणि भावगीतांचा कार्यक्रम होता. गाणारे-वाजवणारे सगळे गोव्यातलेच. आम्ही सातजण गेलो: आई, दादा-वहिनी, कॉलेजात जाणारी भाची, मी, हे आणि आमचा 10 वर्षांचा मुलगा. आई 82 वर्षांची. गुडघे दुखतात, तरी दुपारपासून साडी काढून ठेवली होती. मुलगा कंटाळला तर पटकन बाहेर नेता यावं म्हणून मी त्याला कडेच्या खुर्चीवर बसवलं होतं. आईने त्याला उठवून आपल्या शेजारी घेतलं. "हांगा बस" म्हणाली, आणि तो बसला.

नांदी झाली तेव्हा त्याचं लक्ष गाण्याकडे नव्हतंच, ऑर्गनवाल्याच्या पायांकडे होतं. भाते पायाने चालवायचे आणि हात मोकळे ठेवून वाजवायचं, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पुढचं पद त्रितालात होतं. आईने त्याचा तळहात आपल्या हातात उघडा धरला आणि बोटांनी 16 मात्रा मोजायला लागली. पहिलीला म्हणजे समेला, पाचवीला, तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला मात्र तिची बोटं तळहाताला न लागता वरूनच सरकायची, त्या जागेला ‘खाली’ म्हणतात. तीन-चार आवर्तनं झाल्यावर त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "पळय, आतां सम येतली" (बघ, आता सम येईल). गायिका समेवर आली, सभागृहातल्या सगळ्या माना एकदम हलल्या आणि त्याचीही हलली. त्यानंतर तो आईच्या आधी टाळी द्यायचा प्रयत्न करत होता. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आली. तेव्हा आईने त्याची मूठ मिटून तशीच मांडीवर ठेवून घेतली.

मग ‘मत्स्यगंधा’ नाटकातली पदं सुरू झाली. संगीत मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं. मूळ नाटकात गाणारे रामदास कामत आणि आशालता, दोघंही गोव्याचेच. आई ताठ बसली. ही पदं तिने रेडिओवर ऐकून उतरवली होती. एकाच्याने अख्खं पद लिहून होत नसे, म्हणून एक ओळ ती लिहायची आणि पुढची तिचा भाऊ. ती वही अजून कपाटात आहे. एक ओळ गोल अक्षरात, पुढची तिरक्या, असं शेवटपर्यंत. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरात आई हे भाचीला सांगत होती. इतकी वर्षं त्याच घरात राहून त्या मुलीला हे माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? आजी गाणं ऐकते ती तिच्या खोलीत, नात ऐकते ती कानात बोंडं घालून. आमच्या घरात बोलणं सगळं कोंकणीत. नाटक आणि भजन मराठीत. ती वही उघडली नाही तर पोरांना आजीची मराठी कळायचीच नाही.

शेवटी भैरवी झाली. गाडीत मुलाने विचारलं, भैरवी म्हणजे संपलं का? दादा म्हणाला, संपलं, पण एक भैरवी अजून चालली आहे. इथून जवळच्या केरीच्या केसरबाई केरकर, त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर घालून पाठवली, ती आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली. मुलाच्या खोलीत भिंतभर ग्रह लावलेले आहेत. घर येईपर्यंत त्याने दादाला सोडलं नाही.

त्या रात्री आमची तीन पिढ्यांची माणसं एका ओळीत बसली नसती तर यातलं काहीच झालं नसतं. म्हणून म्हणते, खोली नको.

— ग्रंथालय सांभाळणारी

*

ताई,

वाचून आईची आठवण आली. पण कार्यवाह म्हणून अडचण सांगतो. तीन वर्षांपूर्वी आपण मुलांना आत घेतलं होतं. मागे पळापळ झाली, पाहुण्या गायकांना दोनदा थांबावं लागलं, आणि ज्यांना शांतपणे ऐकायचं होतं ती ज्येष्ठ मंडळी नाराज झाली. खोली तेव्हापासून सुरू झाली. शिवाय तुमच्या मुलाजवळ त्याची आजी होती. इथे बहुतेकांच्या आज्या तिकडेच आहेत.

— कार्यवाह

*

सर्वांस नमस्कार,

मी मूळचा मडगावचा, इथे 40 वर्षं झाली. ताईंनी ‘मत्स्यगंधा’चा विषय काढला म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1964 साली ते नाटक रंगभूमीवर आणलं ते दि गोवा हिंदू असोसिएशनने. ही संस्था 1919 साली मुंबईत निघाली. गाव सोडून आलेल्या गोमंतकीयांची संस्था, म्हणजे आपल्यासारखंच एक मंडळ. घरापासून लांब राहणाऱ्यांनी एकत्र येऊन ते नाटक उभं केलं, आणि त्याची पदं उलटी गोव्यातल्या घराघरांत गेली. आज तीच आपल्या पोरांपर्यंत न्यायची, तर त्यांना शेजारच्या खोलीत बसवून कसं चालेल?

कार्यवाहांचं आज्यांबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण आम्ही आहोत ना. माझी नातवंडं दुसऱ्या शहरात असतात. माझ्या शेजारी कुणाचंही मूल बसवा. त्रिताल मला येतो.

— मडगावचे काका

*

काका,

तुमची मेल आईला वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली.

कार्यवाहदादा, पळापळीचं तुमचं म्हणणं मान्य. तेव्हा मुलं मागच्या रांगांत होती आणि कार्यक्रम तीन तासांचा होता. यंदा दीड तासाचा करू, मध्ये बटाटेवडे आणि चहा. पहिल्या तीन रांगांत एक खुर्ची ज्येष्ठांची, एक मुलाची. पाच वर्षांखालच्यांसाठी खोली राहू द्या, ते बिचारे बसणार नाहीत. पेटी आणि तबला रंगमंचाच्या कडेला ठेवू, मुलांना हात दिसले पाहिजेत.

ज्यांना ताल धरता येतो त्या काका-मावशींनी मला कळवा, मी रांगा लावते. आतापर्यंत काका धरून चौघं झाली.

वही मी बॅगेत घातली आहे. आई आधी द्यायला तयार नव्हती, मग मागची चार कोरी पानं दाखवून म्हणाली, "हांगा तांकां बरोवंक सांग" (इथे त्यांना लिहायला सांग). तर मुलांनी येताना पेन्सिल आणावी. एक ओळ एकाने, पुढची दुसऱ्याने.