नाथसागराच्या गाळावर लाल छातीचा गॉडविट: पट्टेरी शेपटीचा म्हणून नोंद केली, चुकलो का?

गाळपेरवाला (पैठण)
राम राम मंडळी. माझ्या मामांची धरणाच्या काठाला गाळपेर आहे. पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीत टरबूज लावतात. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीचा फुटबॉल (पाइपाच्या तोंडाची झडप) गाळात बसला, तो काढायला मी गुडघाभर चिखलात उतरलो. मान वर केली तर शंभरेक पावलांवर पाच गॉडविट, म्हणजे हिवाळ्यात येणारे चिखलातले पाहुणे पक्षी. लांब पाय, वीतभर नाही पण तिथवर जाणारी चोच, बुडाशी गुलाबी नि टोकाला काळी. चोच थेट डोळ्यापर्यंत चिखलात खुपसायचे, शिलाई मशीनच्या सुईसारखी खालीवर. दोघांची मान आणि छाती भाजलेल्या विटेसारखी लाल, बाकीचे तिघे फिके.

नाथषष्ठीला इथंच चाळीसेक गॉडविट होते, पण सगळे करडे. त्यामुळे हे कुणी वेगळेच पाहुणे वाटले. चोचीचा शेंडा किंचित वर वळल्यासारखा दिसला, म्हणून ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) 'पट्टेरी शेपटीचा' अशी नोंद टाकली. तिथं ती लगेच दुर्मिळ म्हणून अडकली, पुरावा मागताहेत. माझ्याकडं मोबाईलचे चार फोटो आहेत, ते इथं टाकलेत, त्यातल्या दोनात माझंच बोट आलंय. आता काय करू?

शेकाट्या_८६
भावा, नोंद मागं घेऊ नकोस! शेंडा वर म्हणजे पट्टेरी शेपटीचाच. २०२२ मध्ये याच जातीचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर कुठंही न उतरता गेलं. त्याला पैठण काय लांब?

निवृत्त गुरुजी
शेकाट्या, उडता येतं म्हणून तो आपल्या गाळात उतरलाच पाहिजे असं थोडंच आहे? तो भरती-ओहोटीचा पक्षी, खाडीकाठच्या चिखलातला. आत कधी चुकूनमाकून येईलही, पण मग पुरावाही तसाच लागेल. आणि चोचीवर जाऊ नका, पट्टेरी आणि काळ्या शेपटीच्या, दोन्ही गॉडविटांची चोच थोडी वर वळलेली वाटू शकते.

गाळपेरवाले, तुमचा तिसरा फोटो मोठा करून पाहिला. लाल रंग छातीवर थांबलाय, खाली पोट पांढरं आणि त्यावर काळ्या आडव्या रेघा. पट्टेरी शेपटीचा नर या दिवसांत शेपटीच्या बुडापर्यंत सलग लाल होतो. हा मला काळ्या शेपटीचाच दिसतो. फिके तिघे बहुतेक माद्या, त्यांची चोच नरापेक्षा लांब असते, फोटोतही तसं दिसतंय.

आणि हे पाहुणे वेगळे नाहीत, तुमचे नाथषष्ठीचेच असतील. उत्तरेकडं घरट्यांच्या गवताळ प्रदेशात निघायच्या आधी ते अंगावरची पिसं बदलतात. मार्चमधल्या फोटोंत मानेजवळ बघा, एखादं तांबूस पीस सापडेल. भोरड्या नाही का, याच सुमारास कशा गुलाबी-काळ्या कुळकुळीत होऊन जातात!

तरीही निकाल उडतानाच लागेल. पंखावर रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीला काळी पट्टी दिसली तर वाद मिटला. पट्टेरी शेपटीच्याला पंखावर तो पट्टा नसतो.

जाळंवाला
आमचे लोक याला नावानं ओळखत नाहीत, सगळे 'लांब चोचीचे'. एक सांगतो. धरण काठोकाठ असलं की माणसं खूश, पण या पक्ष्यांना टेकायला चिखल नसतो. पाणी उतरायला लागलं की एकेक बेट उघडं पडतं आणि पहिल्या आठवड्यात ते तिथंच असतात. पुढं ऊन लागून गाळ भेगाळला की चोच शिरत नाही, मग गेले. त्यामुळं तुमच्या गाळपेरीत ओल आहे तोवरच बघून घ्या.

आणखी एक. मागच्या महिन्यात कॅमेरेवाले होडी थेट थव्यात घालत होते, उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून. तसलं काही करू नका.

गाळपेरवाला (पैठण)
गुरुजी, जाळंवाले दादा, नमस्कार. उडवायची वेळच आली नाही, मामांच्या मोत्यानं ते काम केलं. काल संध्याकाळी मी बांधावर बसून मोबाईलवर शूटिंग करत होतो. मोत्या टिटवीच्या मागं पळाला आणि सगळा काठ एकदम उठला. शेकाटे, तुतवार आणि त्यात हे, आता तीनच. व्हिडिओ थांबवून एकेक चौकट बघितली. पंखावर चुन्याची रेघ ओढावी तसा पांढरा पट्टा, पाय शेपटीच्या पार बाहेर, शेपटी टोकाला काळी.

मार्चचे फोटोही शोधले. एकाच्या मानेवर, डाव्या बाजूला, दोन विटकरी पिसं आहेत. तेव्हा मला तो चिखल वाटला होता.

नोंद दुरुस्त केली. शेकाट्या, तुझ्यासाठी वाईट वाटतंय. मामांनी मात्र विचारलं, "दुर्मिळ नाही ना? मग तो फुटबॉल काढ आधी, वेल सुकायलेत."