कबूल केलं म्हणजे मिटलं का?

रामबागकर
दसरा झाला, डोकी थंड झाली असतील म्हणून विचारतो. 2025 च्या मे महिन्यात आपल्या इंदूरचा नवा नवरदेव मेघालयात फिरायला गेला, 2 जूनला सोहराजवळच्या (चेरापुंजीजवळच्या) दरीत त्याचा मृतदेह मिळाला. बायकोसकट काही जण पकडले गेले आणि दोन-तीन दिवसांत बातमी आली की आरोपींनी गुन्हा कबूल केला. त्या सकाळी मी पोह्यांच्या ठेल्यावर उभा होतो. पोहेवाल्याच्या हातात जीरावन मसाल्याचा डबा, नजर टीव्हीवर. शिंपडतच राहिला, पोहे पार काळपट झाले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "चला, मिटलं. आता फाशी." मी मान डोलावली आणि घरी येऊन तीन ग्रुपवर बातमी ढकलली.

जून सरता सरता आणखी एक बारीकशी बातमी आली. त्यातल्या दोघांना शिलाँगला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं, तर ते गप्प राहिले. ही मला एकाही ग्रुपवर आली नाही. खरं सांगतो, मीही पाठवली नाही.

सुदामानगरचा भिया
गप्प राहिले म्हणजे साव झाले का भिया? वकिलाने पढवलं असेल. पोलिसांनी दरीवर नेऊन सगळा प्रकार पुन्हा करवून घेतला, 790 पानांचं आरोपपत्र दाखल झालं. आणखी काय पाहिजे? ज्या आईचा पोरगा गेला तिला जाऊन सांगा तुमची कलमं.

वकीलकाकू
आरोपपत्र म्हणजे पोलिसांची बाजू, 790 पानं असोत की सात. आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. 1872 च्या जुन्या पुरावा कायद्यात कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 आहे. इंग्रजांचासुद्धा आपल्या शिपायांवर एवढा भरवसा नव्हता! हं, आरोपीने "कोयता अमुक ठिकाणी टाकला" म्हटलं आणि तो तिथेच निघाला, तर तेवढं वाक्य चालतं. "त्या कोयत्याने मी मारलं" हे चालत नाही.

दंडाधिकाऱ्यांपुढची गोष्ट वेगळी. ते आधी सांगतात, बोलायची सक्ती नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. तिथे नको म्हटलं तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही. का, ते तुम्हीच ताडा.

सुदामानगरचा भिया
काकू, हे कोर्टासाठी. मी काही न्यायाधीश नाही. ठेल्यावर उभं राहून मत द्यायला कोणता अधिनियम लागतो?

रामबागकर
मत द्या हो. पण 2017 मधलं गुरुग्रामचं आठवतं? शाळेत लहान मुलाचा खून झाला, बसच्या कंडक्टरला धरलं. त्याने कॅमेऱ्यापुढे कबुली दिली, आपण सगळ्यांनी पाहिली. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने त्याच शाळेतला अकरावीचा मुलगा ताब्यात घेतला, फेब्रुवारी 2018 मध्ये कंडक्टरला कोर्टाने आरोपातून मोकळं केलं. मारहाण करून बोलायला लावलं, असं त्याचं म्हणणं. तेव्हाही आपण "मिटलं" म्हटलंच होतं ना?

सेवानिवृत्त
माझ्या मावसभावाने तरुणपणी एका ठाण्यात स्कूटर चोरल्याचं लिहून दिलं होतं. दोन रात्री झोपू दिलं नव्हतं. स्कूटर नंतर मालकाच्या मेहुण्याकडे निघाली. भाऊ आता आजोबा झालाय, पण त्या रस्त्याने जात नाही.

जेलरोडची वहिनी
तुमचं कलम-बिलम चालू द्या, यात बायकांचं काय झालं ते कुणी बोलेना. दसऱ्याला अकरा तोंडांचा शूर्पणखेचा पुतळा जाळायची टूम निघाली, तोंडं कुणाची तर खुनाचे आरोप असलेल्या बायकांची. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने थांबवलं म्हणून बरं. खुनाचे आरोप असलेले नवरे काय कमी आहेत देशात? त्यांचा रावण कुणी केला नाही.

जूनमध्ये माझ्या भाचीला सांगून आलं होतं. चहा ओठाला लागायच्या आत मुलाची आई विचारते, "आधीचं कुणी नाही ना? नाही, हल्ली भीती वाटते हो." भाची बँकेत अधिकारी आहे. तिच्या हातातली बशी खडखडली, ती मला ऐकू आली.

सुदामानगरचा भिया
पुतळ्याचं पटलं वहिनी, ते अतीच होतं. गुरुग्रामचंही मान्य. पण एक कंडक्टर सुटला म्हणून दर वेळी पोलीस खोटेच धरायचे का? मला या प्रकरणात संशय नाही तो नाही.

वकीलकाकू
असू दे की. गुन्हा कोर्टात सिद्ध होऊ दे, मग मीही तुझ्याबरोबर पोहे खाईन.

रामबागकर
जीरावन कमी. वहिनी, त्या स्थळाचं पुढे काय झालं?

जेलरोडची वहिनी
भाचीनेच नाही म्हणून कळवलं. मुलाची आई अजून फोन करून विचारते, आमचं काय चुकलं?