‘फ्लो व्हिज्युअलायझेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते ते डोळ्यांना दिसावं म्हणून जे प्रयोग करतात (धूर सोडणं, लोकरीचे धागे चिकटवणं, तेल फासणं) त्या सगळ्याला मिळून मराठीत एक शब्द हवाय. एका लेखात ‘प्रवाह दृश्यमानता’ वाचलं, ते चालेल का?

– नको हो! दृश्यमानता म्हणजे व्हिजिबिलिटी, धुक्यात पायलटला किती लांबचं दिसतं ते. विमानाच्याच लेखात तो शब्द दोन अर्थांनी आला तर गोंधळ ठरलेला. ‘प्रवाह-दृश्यीकरण’ म्हणा, जरा जड आहे पण अर्थ बरोबर.

– दृश्यीकरण ठीक, पण माझं खरं भांडण ‘प्रवाहरेषा’शी आहे. विंड टनेलमधल्या (हवेचा झोत सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्यातल्या) धुराच्या फोटोखाली सरसकट प्रवाहरेषा (म्हणजे स्ट्रीमलाइन) लिहितात आणि ती स्ट्रीमलाइन असते असं नाही. स्ट्रीमलाइन म्हणजे त्या क्षणी प्रत्येक ठिकाणी हवेचा वेग ज्या दिशेने आहे त्या दिशेने जाणारी रेषा, आणि धूर दाखवतो ती स्ट्रीकलाइन, म्हणजे एकाच नळीतून मागेपुढे निघालेले सगळे कण आत्ता कुठेकुठे पोचलेत ते. चिमणीचा धूर बघा, वाऱ्याने दिशा बदलली तरी आधी निघालेला धूर जुन्या वाऱ्याने नेला तिथूनच पुढे सरकतो म्हणून अख्खा पट्टा वाकडातिकडा दिसतो, पण त्या क्षणी वारा काही तसा वळणं घेत नसतो. प्रवाह स्थिर असेल, म्हणजे वेळेनुसार बदलत नसेल, तर दोन्ही रेषा एकच होतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण पंखामागे भोवरे सुटायला लागले की फरक पडतो.

– मग स्ट्रीकलाइनला ‘मागरेषा’? मागे राहिलेला माग या अर्थाने.

– छान आहे, पण एकाच कणाचा प्रवास दाखवणाऱ्या पाथलाइनला ‘मार्गरेषा’ म्हणतात. माग आणि मार्ग, प्रूफ तपासणारा रडेल 😄 सरळ ‘धूररेषा’ म्हणा.

– पाण्यात रंग सोडला तर? १८८३ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने काचेच्या नळीत रंगच सोडला होता, धूर नव्हे.

– बरं, मग मागरेषाच, आणि पाथलाइनला ‘कणमार्ग’ करू.

– धाग्यांचं राहिलं. टफ्टला ‘झुबका’ नको, नुसतं धागा पुरे. पंखाला चिकटवलेले धागे शांत पडून असले की हवा पृष्ठभागाला धरून आहे, आणि फडफडायला किंवा उलटे फिरायला लागले की तिथे हवा पृष्ठभागापासून ‘सुटली’. या सुटण्याला, म्हणजे सेपरेशनला, ‘विलगन’ लिहिलेलं वाचलंय, मला सुटणंच आवडतं.