आय५-४५७० चा जुना डेस्कटॉप: आधी काय बदलू, आणि विंडोज १० चं काय करू?

टंकखिळा:
नमस्कार मंडळी. घरच्या असेंबल्ड पीसीवर पैसे घालावेत का, आणि घातले तर कुठल्या क्रमाने, एवढं नीट कळून घ्यायचं आहे.

मशीन असं आहे: आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एकच पट्टी, १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याचा डबा) '४५० वॅट' छापलंय, पण कंपनीचं नाव अनोळखी आहे. विंडोज १०, २२एच२.

कामं: मराठी टायपिंग (सोसायटीची इतिवृत्तं, पत्रं), हिशेबाच्या शीट, व्हिडिओ. दहा-बारा वर्षांच्या जुन्या फाइली श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्ट पद्धतीत आहेत, त्या हातच्या जाता कामा नयेत. मुलीला एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन आणि मुलाला व्हॅलोरंट खेळायचंय.

त्रास: चालू केल्यावर पाच-सात मिनिटं टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असते. ब्राउझरचे चार टॅब उघडले की माऊससुद्धा अडखळतो. शिवाय रात्री मेन स्विच बंद केला तर सकाळी घड्याळ कुठल्या तरी जुन्याच तारखेवर असतं आणि अर्ध्या वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड टाका, सोबत विंडोज ११ टाकून देतो. पटत नाही, म्हणून विचारतोय.

सोल्डरगन:
पटत नाही ते बरोबरच आहे. तुम्ही सांगितलेल्या त्रासांपैकी एकही ग्राफिक्स कार्डाने जाणार नाही.

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आधी. घड्याळ मागे जातं म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. तारीख चुकली की ब्राउझरला वेबसाइटचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं, म्हणून ती तक्रार. सेल बदलल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख घाला आणि साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) 'एएचसीआय' आहे ना ते बघा. तिथे 'आयडीई' दिसलं तर तसाच बदलू नका, सध्याचं विंडोज बूट होताना अडकेल. नव्या एसएसडीवर कोरं इन्स्टॉलेशन करायच्या वेळी बदला.

मग एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क. सध्याची डिस्क १०० टक्क्यांवर अडकते ती वेगाने काम करते म्हणून नव्हे, तर छोट्या छोट्या फाइलींसाठी तिचं डोकं प्लॅटरवर इकडून तिकडे धावत असतं म्हणून. सलग वाचनात हार्ड डिस्क शंभर-दीडशे एमबी देते, पण विखुरलेल्या ४ केबीच्या तुकड्यांत एक-दोन एमबीच्याही खाली येते. विंडोज सुरू होताना नेमकं हेच दुसऱ्या प्रकारचं वाचन चालतं. २.५ इंची साटा एसएसडी घ्या, ४८० किंवा ५०० जीबी पुरे. एनव्हीएमई प्रकारची (एम.२ स्लॉटात बसणारी) घेऊ नका. या पिढीच्या एच८१ बोर्डांवर सहसा एम.२ स्लॉट नसतो, आणि अडॅप्टर लावला तरी बायोस त्यावरून बूट करेलच असं नाही.

एच८१ वर चार साटा पोर्ट मिळतात: दोन ६ गिगाबिटचे, दोन ३ गिगाबिटचे. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. बोर्डवर पोर्टाशेजारी बारीक अक्षरांत छापलेलं असतं ते टॉर्च मारून वाचा आणि एसएसडी ६ गिगाबिटच्या पोर्टात लावा. एसएमपीएसला साटाचा पॉवर प्लग शिल्लक नसेल तर मोलेक्स-टू-साटा वायर लागेल, पण ज्याचा प्लग प्लास्टिक ओतून बंद केलेला असतो ती घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून प्लग वितळल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तारा मागून वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात ती घ्या.

रॅममध्ये जपून. सध्याच्या ४ सोबत ८ ची पट्टी लावली तर चालते. पहिले ८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये (दोन वाटांनी, म्हणून वेगात) धावतात, उरलेले ४ सिंगलमध्ये. पण '८ जीबी डीडीआर३' म्हणून बाजारात फार स्वस्त मिळणाऱ्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या असतात. त्यातल्या चिपांची रचना वेगळी असते, इंटेलच्या बोर्डावर डिस्प्लेच येत नाही. लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, 'इंटेल एच८१ वर चालली नाही तर परत' हे आधी ठरवून घ्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती बसणारच नाही. बसवण्यापूर्वी जुन्या पट्टीचे सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, भुगा झटका, दोन्ही बाजूंचे खटके 'टक्' वाजेपर्यंत दाबा. मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ ची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी परत.

नव्या एसएसडीला हात लावण्याआधी एक काम करा. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून हार्ड डिस्कचे ०५, सी५ आणि सी७ हे तीन आकडे इथे टाका.

पेंग्विन_घरात:
हार्डवेअरबद्दल वरच्यांशी सहमत. विंडोजचं सांगतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी २२एच२ लागतं, ते तुमच्याकडे आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सिंक केला तर पैसे न भरता नोंदणी होते. 'अपडेट अँड सिक्युरिटी'मधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते.

विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढे. तुमचा प्रोसेसर चौथ्या पिढीतला. रूफसने पेनड्राइव्ह बनवताना तपासण्या वगळता येतात आणि ते बसतंही, दुकानदार तेच करणार. पण मोठी वार्षिक अपडेट अशा मशीनवर आपोआप येत नाहीत, दर वेळी हाताने तोच खटाटोप. आणि तुमच्या घरात मोठी अडचण वेगळीच आहे. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (फसवेगिरी पकडणारा भाग) विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त मान्य प्रणालीच सुरू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही मागतं. नसेल तर 'व्हॅन ९००१' किंवा 'व्हॅन ९००३' दाखवून गेम बंद. हाच गेम याच मशीनवर विंडोज १० मध्ये चालतो. म्हणजे दुकानदाराच्या विंडोज ११ मुळे मुलाचा गेम जाईल.

लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची फुकट प्रणाली) व्हॅलोरंट कुठल्याच उपायाने चालत नाही, व्हॅनगार्ड तिथे नाहीच. म्हणून माझं मत: ५०० जीबीच्या एसएसडीवर २०० जीबी विंडोज १० ला, उरलेल्यात लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. आधी विंडोज, मग मिंट, हा क्रम पाळा. उलटं केलं तर विंडोज बूटचा ताबा स्वतःकडे घेतं. दोन्ही यूईएफआय (बूट करायची नवी पद्धत, जुनी ती लेगसी) मोडमध्येच बसवा. एक लेगसीत आणि एक यूईएफआयत असं झालं तर सुरुवातीच्या यादीत दोन्ही एकत्र दिसत नाहीत, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपेत राहतं आणि मिंट ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. बँकेची कामं, मेल, पत्रं तिकडे न्या, विंडोज गेमपुरतं ठेवा.

एज ऑफ एम्पायर्सही सध्या विंडोजमध्येच खेळा. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारा प्रोटॉन डायरेक्टएक्सचं (विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीचं) काम वल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स पद्धतीकडे सोपवतो, आणि तुमच्या प्रोसेसरमधल्या एचडी ४६०० ग्राफिक्सचा वल्कन सपोर्ट लिनक्समध्ये अपुरा आहे. टर्मिनलमधून सुरू केलंत तर 'हॅसवेल वल्कन सपोर्ट इज इनकम्प्लीट' अशी ओळ दिसते (हॅसवेल म्हणजे तुमच्या प्रोसेसरची पिढी). ती दिसली की तासन्‌तास सेटिंग बदलत बसू नका, दोष तुमचा नाही.

टंकखिळा:
खूप आभार. सेल बदलला, घड्याळ जाग्यावर आहे. डिस्कचे आकडे: ०५ समोर ० आहे, सी५ समोर शेवटी १८, सी७ समोर ०. वर पिवळा 'कॉशन' दिसतोय. म्हणजे १८ सेक्टर खराब? आणि थेट क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) केलं तर चालेल का?

सोल्डरगन:
तो आकडा १८ नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे हेक्साडेसिमलमध्ये दाखवतं. तिथला १८ म्हणजे आपले २४. फंक्शन मेन्यूत 'रॉ व्हॅल्यूज' दशमान करता येतात. सी७ शून्य आहे म्हणजे साटा केबल ठीक. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, पण अजून निकालात न काढलेले सेक्टर. आकडा वाढतोय की तिथेच आहे हे महत्त्वाचं, पण ते बघण्यासाठी डिस्क चालवत राहू नका.

क्लोन नको. क्लोन करणारं सॉफ्टवेअर खराब सेक्टरपाशी थांबतं किंवा त्याच जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतं, आणि अशा वेळी डिस्क उरलेला जीव सोडते. शिवाय १ टीबीवरून ५०० वर क्लोन करायला अनेकदा आधी पार्टिशन लहान करावं लागतं, म्हणजे आजारी डिस्कवर पुन्हा लिहिणं आलं. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्कही आत्ता चालवू नका. ते सेक्टर दुरुस्त करत नाही, फाइलीचा तुकडा सोडून देतं.

क्रम असा ठेवा. मिंटच्या पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' चालू करा, इन्स्टॉल करू नका. बाहेरची यूएसबी डिस्क लावा. आधी श्रीलिपीच्या फाइली, मग इतर कागदपत्रं, मग फोटो, सगळ्यात शेवटी व्हिडिओ. एका वेळी एक फोल्डर. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा आणि नाव लिहून ठेवा. सगळं आल्यावर अडकलेल्या फाइलींसाठी डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचणारा प्रोग्राम) वापरा. पहिली फेरी 'नो-स्क्रेप' पर्यायाने, म्हणजे सोपा भाग आधी सुटतो, आणि मॅप फाइल (कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद) दिली की मध्ये बंद पडलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. डीडीरेस्क्यूची प्रत आणि मॅप फाइल दोन्ही बाहेरच्या डिस्कवर, जुन्यावर नाही.

त्यानंतर ती हार्ड डिस्क कॅबिनेटमधून काढून ठेवा. 'गेम साठवायला असू दे' म्हणून आत ठेवू नका. आजारी डिस्क वाचायला अडखळली की अख्खं विंडोज तिच्यासाठी थांबतं, मग एसएसडी असूनही पीसी हँग झाल्यासारखा वाटतो.

वेलांटी:
श्रीलिपीबद्दल कोणी बोललं नाही आणि तुमच्या यादीत न परत मिळणारी गोष्ट तीच आहे.

या फाइलींत मराठी अक्षरं साठवलेलीच नाहीत. आत इंग्रजी-लॅटिन चिन्हं आहेत आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट गेला की इतिवृत्ताच्या जागी नुसती चिन्हांची रांग. तेव्हा फाइलींसोबत सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातला 'फॉन्ट्स' हा अख्खा फोल्डर कॉपी करा. फॉरमॅट मारल्यावर लोकांना हीच चूक कळते. मिंटमध्ये त्या टीटीएफ फाइलींवर डबल क्लिक करून इन्स्टॉल करता येतं.

दुसरं, महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीची पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे कुठेही तशीच दिसते. त्यात शोध चालणार नाही, पण कागद म्हणून सुरक्षित.

तिसरं, सवडीने युनिकोड. कन्व्हर्टर वापरताना फाइलीत कुठला फॉन्ट आहे ते नेमकं निवडा. श्रीलिपी, कृतिदेव आणि आयएसएमचे डीव्हीबी फॉन्ट यांची मांडणी वेगवेगळी आहे. रूपांतर झालं की चार ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा. पहिली वेलांटी, कारण जुन्या फॉन्टात ती व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर, म्हणून 'स्थिती', 'व्यक्तिगत' असे शब्द फुटतात. रफार, म्हणजे 'कार्यवाही', 'निर्णय'. मग 'क्ष' आणि 'ज्ञ'. आणि 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य.

हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एक 'ऱ' ला हलन्त लावून, दुसरा साध्या 'र' ला हलन्त लावून आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक टाकला तर दुसरा सापडत नाही. पहिला प्रकार धरून ठेवा. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर 'ऱ्या' साठी शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, स्लॅश, ई.

टायपिंगची सोय दोन्हीकडे आतच आहे. विंडोज १० मध्ये 'लँग्वेज'मधून मराठी घाला, तिच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड मिळतो. विंडोज बटण आणि स्पेसने अदलाबदल. मिंटच्या कीबोर्ड लेआउटमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक असे दोन्ही आहेत. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' समोर हिंदीऐवजी मराठी निवडा. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट असेल तर 'ल' आणि 'श' तेवढ्याने मराठी वळणाचे होतात. पत्र छापल्यावर हा फरक लगेच डोळ्यात भरतो.

टंकखिळा:
फॉन्ट्स फोल्डरचं सुचलंच नसतं. आज रात्रीच कॉपीला बसतो. एक शेवटचं: पुढे कधी कार्ड घ्यायचंच झालं तर?

सोल्डरगन:
आधी एसएसडी आणि १२ जीबी रॅमवर दोन्ही गेम कमी सेटिंगवर खेळून बघा. भागलं तर कार्ड नको.

घ्यायचंच झालं तर पहिला खर्च एसएमपीएसचा. त्याच्या लेबलवर '४५० वॅट' सोडून १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा. १६ अँपिअर असतील तर खरे १९२ वॅट. प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड ७५ चं, पंखे-डिस्क-बोर्ड वेगळे, म्हणजे काठावर आलात. ८० प्लस शिक्क्याचा ४५० वॅटचा घ्या.

कार्ड जीटीएक्स १६५०, वरून वेगळी ६ पिन पॉवर न मागणारं मॉडेल. १०५० टीआय स्वस्त मिळेल, पण त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले, आता फक्त सुरक्षा दुरुस्त्या, त्याही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. आरएक्स ६४०० तुमच्या बोर्डावर अजिबात नको. ते चारच लेन (माहिती जाण्याच्या वाटा) वापरतं आणि एच८१ चा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा, म्हणजे मूळ वेगाच्या चौथाईवर येतं. जीटी १०३० घेणार असाल तर जीडीडीआर५ चंच. डीडीआर४ वाल्याची मेमरी बँडविड्थ ४८ ऐवजी १६.८ जीबी आहे आणि खोक्यावर नाव तेच.

सेकंडहँड असेल तर पैसे देण्याआधी दुकानातच कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड चालवायला सांगा. जुनं कार्ड बायोस बदलून नव्या नावाने विकलेलं असेल तर नावाच्या आधी 'फेक' असं दिसतं.