मदत हवी आहे: व्हिममध्ये एस्केप दाबलं की सगळं अडकतं

मंडळी, टर्मिनलमधल्या व्हिमने (मजकूर लिहायच्या एडिटरने) वैताग आणलाय. इन्सर्ट मोडमधून (टायपिंगच्या अवस्थेतून) बाहेर पडायला एस्केप दाबलं तरी खाली 'इन्सर्ट' तसंच दिसत राहतं आणि मग सावकाश जातं. एस्केपनंतर लगेच कॅपिटल ओ दाबला (वर नवी ओळ हवी म्हणून), तर आधी काहीच हलत नाही, मग एकदम ओळ उघडते. बाकी टायपिंग झकास चालतं.

लॅपटॉपवरून एसएसएच करून (नेटवरून लॉगिन करून) सर्व्हरवर जातो. तिथे उबुंटू २२.०४, टीमक्स ३.२ए (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्रॅम) आणि त्यात व्हिम ८.२. मराठी टायपिंगसाठी आयबस आहे, म्हणून पहिला संशय त्याच्यावर घेतला. बंद केला, फरक शून्य. प्लगिन काढले, तरी तेच. त्याच सर्व्हरवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला मात्र काही त्रास नाही. तो टीमक्स वापरत नाही आणि त्याच्याकडे व्हिमआरसीही (व्हिमच्या सेटिंग्जची स्वतःची फाईल) नाही. नॅनो हा दुसरा एडिटर वापरा असं कृपया सांगू नका.

प्रतिसाद १
सहकाऱ्याकडे व्हिमआरसी नाही, हीच तर ग्यानबाची मेख! एस्केप म्हणजे २७ क्रमांकाचा एकच बाइट, आणि बाणांच्या कीज, एफ१ वगैरेंचे संकेतही त्याच बाइटने सुरू होतात. वरचा बाण बऱ्याचदा 'एस्केप, ओ, ए' असा येतो. म्हणून एस्केप आलं की व्हिम थांबतो, मागून आणखी काही येतंय का बघतो. तुम्ही नेमका ओ दाबता, मग त्याला वाटतं बाणच येतोय.
किती थांबायचं ते टीटाइमआउटलेन ठरवतं. व्हिम ८ पासून डिफॉल्ट्स फाईल ते १०० मिलिसेकंदांवर आणते, पण स्वतःची व्हिमआरसी असली की ती फाईल वाचलीच जात नाही. मग लागू होतो टाइमआउटलेन, म्हणजे १००० मिलिसेकंद. तुमच्या व्हिमआरसीत टाका (इथे देवनागरीत लिहितोय, तिथे रोमनमध्ये):
सेट टीटाइमआउट
सेट टीटाइमआउटलेन=५०

प्रतिसाद २
एवढ्याने अर्धंच काम होईल. टीमक्ससुद्धा एस्केप स्वतःकडे धरून ठेवतो. ३.५ च्या आधी त्याचा एस्केप-टाइम ५०० मिलिसेकंद असायचा, आता १० आहे. तुमचा ३.२ए, म्हणजे जुन्यातला. टीमक्सच्या कॉन्फ फाईलमध्ये 'सेट -एसजी एस्केप-टाइम १०' लिहा आणि सोर्स-फाईलने ती पुन्हा वाचायला लावा, नुसती सेव्ह करून भागणार नाही.

प्रतिसाद ३
दोन्हीकडे सरळ शून्य टाका हो, कटकट मिटली.

प्रतिसाद २
एसएसएचवरून काम करणाऱ्याला शून्य सांगू नका, राव. नेट अडखळलं की बाणाचे बाइट तुटक तुटक पोचतात. वरचा बाण दाबायचा, आणि व्हिम इन्सर्टमधून बाहेर पडून वर नवी ओळ उघडून तिच्यात 'ए' लिहून मोकळा! कॉन्फिग फाईलमध्ये असा एखादा 'ए' राहिला तर तो शोधत बसा.

धागाकर्ता
दोन्ही बदल केले. एस्केप आता झटक्यात, ओ पण! एकच राहिलंय: इन्सर्ट मोडमध्ये 'जे' (j) हे अक्षर दाबलं की ते लगेच पक्कं होत नाही, पुढचं अक्षर येईपर्यंत रेंगाळतं. हेही टीमक्समुळेच का?

प्रतिसाद १
नाही. एस्केपऐवजी जेजे (दोनदा j) असं मॅपिंग (कीजना दुसरं काम नेमून देणं) केलेलं दिसतंय. 'व्हर्बोज आयमॅप जे' द्या, कोणत्या फाईलमधून आलंय तेही कळेल. मॅपिंगची वाट टाइमआउटलेनप्रमाणे पाहिली जाते, टीटाइमआउटलेनचा तिथे संबंध नाही. एस्केप आता झटपट चालतंय, तेव्हा जेजे काढूनच टाका. ठेवायचंच असेल तर टाइमआउटलेन ३०० करून बघा, पण मग लीडरवाले (मॅपिंगसाठी नेमलेल्या खास कीने सुरू होणारे) लांब मॅपिंगही तेवढ्याच वेळात दाबावे लागतील.