लंडनला नाटकात मुलगे बायका व्हायचे, मग माद्रिदला खऱ्या बायका कशा?

नाटकवेडा:
एक डाउट आहे, १६०० च्या आसपास लंडनमधे नाटकात बायकांची कामं मुलगेच करायचे हे माहितीये पण त्याच काळात स्पेनमधे खऱ्या नट्या होत्या म्हणे?? स्पेन तर कट्टर कॅथलिक ना, मग उलटं कसं काय

पिटातला:
होत्या की. १५८७ ला परवानगी मिळाली, अट अशी की बाई लग्न झालेली हवी. पुरुषी वेश घालायला बंदी, पण पब्लिकला नेमकं तेच बघायचं असायचं, त्यामुळे बंदी कागदावरच राहिली 😄

आक्का७:
खरी गोम पैशात आहे. माद्रिदला नाटक व्हायचं घरांच्या मधल्या मोकळ्या अंगणात, आणि तिकिटाचा वाटा जायचा इस्पितळांना, मग पाद्री कितीही ओरडोत, कायमचं बंद कोण करणार! बायकांना बसायला वेगळी गॅलरी, तिचं नाव काय तर 'पातेलं', दाटीवाटीने कोंबलेल्या म्हणून असेल.

पिटातला:
आणि लंडनला १६२९ मधे फ्रेंच कंपनी नट्या घेऊन आली तेव्हा हुर्यो, वर सफरचंदं फेकली असं तेव्हाच्या एका पत्रात आहे. तिथे बायका स्टेजवर रुळल्या त्या १६६० नंतरच.

नाटकवेडा:
पातेलं 😂 थँक्स आक्का